धोंड्याच्या महिन्याचा दाखला

गेल्या वैशाखात आमच्या घरी दुधाच्या जुन्या हिशेबाला एकाएकी मोल आले. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरलेली जुन्या कालनिर्णयची पाने माझी बायको एकेक करून उचलू लागली. डिसेंबर २०२२ च्या पानावर तेलाच्या डब्याने गोल ठसा उमटवला होता. फेब्रुवारी २०२३ चा एक कोपरा झुरळांनी फस्त केला होता. तिने ती पाने ओल्या फडक्याने पुसली, उन्हात टाकली, वर हलकी इस्त्रीही फिरवली, आणि टेबलावर ओळीने मांडून मला म्हणाली, "हं, पाठवा आता ही कॅनडाच्या सरकारला."

मी हसलो. ती मात्र हसत नव्हती.

त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, आमची भाची, हिचे लग्न मोडले. बहीण पूर्वीच गेलेली. तेव्हा माहेर म्हणजे आमचेच घर. २०१९ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला. नवऱ्याला घटस्फोट द्यायचा नाही आणि तिला नांदायचे नाही. तेव्हापासून तारखा पडताहेत. मधल्या काळात ती पुण्याला नोकरीला होती. तिथे तिची एका मुलाशी ओळख झाली. त्याचे आईवडील चाळीस वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेले. हा तिथेच जन्मला, तिथलाच नागरिक. पण मराठी बोलतो ती थेट त्याच्या आजीची. 'मी अंमळ बाहेर जाऊन येतो' असे म्हणणारा तिशीतला मुलगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुण्यात दोघांनी मिळून घर शोधले. प्रत्येक ठिकाणी लग्नाचा दाखला आडवा आला. मुलाचे काम संगणकावरचे, कुठूनही होणारे. शेवटी भाची एके दिवशी नगरला आली आणि म्हणाली, "मामा, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत ना?"

(आमचे गाव २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले आहे. कागदावर मी तसेच लिहितो. तोंडातून मात्र अजून नगरच येते, त्याला इलाज नाही.)

मी खोल्या दिल्या. इथवर मी मोठा उदार माणूस दिसतो. कादंबऱ्या लिहितो, त्यातली माणसे बंडे करतात, वाचकांची पत्रे येतात. पण मी शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. दहावीपुढे कॉलेजची पायरी चढलेलो नाही, आणि गावात जी काय किंमत आहे ती 'मास्तर' या तीन अक्षरांची आहे. म्हणून मी अटी घातल्या. भाडेकरार एकट्या मुलाच्या नावाने होईल. कुणी विचारले तर वर एक भाडेकरू राहतो आणि भाची खाली आमच्यात राहते, असे सांगायचे. आणि तिसरी अट, जी आठवली की मला आजही माझी लाज वाटते: रात्री तिच्या चपला खालच्या दारातच दिसल्या पाहिजेत.

सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२४, असे दीड वर्ष ती पोर रोज रात्री चपला खाली काढून अनवाणी जिना चढत होती. थंडीतसुद्धा.

गल्लीला अर्थात सगळे ठाऊक होते. आमचा दूधवाला आधी एक पातेले भरी, पहिल्याच महिन्यात त्याने आपण होऊन विचारले, "वरच्या दोघांचं वेगळं मोजू का, काकू?" समोरच्या आजी संक्रांतीला वाण द्यायला सरळ जिना चढून वर गेल्या. खोटे बोलत होतो ते मी एकटाच, आणि माझे खोटे ऐकून घेण्याचा शिष्टाचार सगळी गल्ली पाळत होती.

मार्च २०२४ मध्ये मुलाच्या वडिलांची प्रकृती बिघडली आणि त्याला परत जावे लागले. पुढे ठरले की भाचीने तिकडे जायचे. त्याने तिला बोलावून घ्यायचे, म्हणजे सरकारकडे तिच्यासाठी जामीन राहायचे. आणि इथे कागदांचा प्रश्न आला.

लग्न करून मोकळे व्हा, असे कुणीही म्हणेल. पण पहिले लग्न कायद्याने उभे असताना दुसरे करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत ते कलम ४९४ होते, १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्यायसंहितेत ८२ झाले, शिक्षा सात वर्षांपर्यंतची तशीच राहिली. कॅनडाच्या कायद्यात मात्र २००२ पासून एक वेगळी वाट आहे. निदान एक वर्ष सलग पतिपत्नीसारखा एकत्र संसार केलेल्या जोडीदाराला तिथे 'कॉमन-लॉ पार्टनर' म्हणतात, आणि त्याला किंवा तिला बोलावून घेता येते. आधीचे लग्न कागदावर शिल्लक असले तरी चालते. मात्र ते प्रत्यक्षात संपलेले आहे आणि त्या नवऱ्यापासून वेगळे राहून हे वर्ष काढले आहे, एवढे दाखवावे लागते.

आपली न्यायालयेही या बाबतीत अगदी कोरडी नाहीत. पन्नासएक वर्षे एकत्र राहिलेल्या एका जोडप्याला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहितच मानले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात 'विवाहासारखे नाते' असा शब्दप्रयोग आला. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने त्या नात्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघे लग्नाला मोकळे असावेत, आणि जगासमोर पतिपत्नी म्हणून वावरलेले असावेत. पहिल्या कसोटीत आमची भाची न्यायालयातल्या तारखांमुळे नापास. दुसऱ्या कसोटीत तिला नापास केले ते मी.

आपल्या पुराणांत गांधर्व विवाह आहे, त्याचा मला मोठा अभिमान होता. मी बायकोला म्हटले, "बघ, आपल्याकडे हे केव्हापासून चालत आलंय." ती म्हणाली, "हो, आणि शकुंतलेला दरबारात पुरावा मागितला तेव्हा अंगठी माशाच्या पोटात होती." मी गप्प बसलो.

तर आमची अंगठी शोधण्याचे काम सुरू झाले. कॅनडाच्या सरकारची यादी भाचीने मला वाचून दाखवली. दोघांच्या नावाचे घर किंवा भाडेकरार. दोघांच्या नावाची वीज-पाण्याची बिले. दोघांचे बँकेतले खाते. एकाच पत्त्यावरची ओळखपत्रे, विम्याची कागदपत्रे. यादी साधी आहे. ज्या देशात माणूस राहतो त्या घराच्या कागदावर त्याचे नाव असते, त्या देशात ती घडली आहे. आमच्या घराचे विजेचे बिल अजून माझ्या वडिलांच्या नावाने येते, आणि वडील २०११ मध्ये गेले. नाव बदलायचे आमच्याकडूनच राहून गेले. गॅसचे पुस्तक माझ्या नावाचे. भाचीच्या आधार कार्डावर सासरचा पत्ता. तो बदलायला तिने नको म्हटले नव्हते, 'कशाला उगीच, निकाल लागू दे' असे मीच म्हणालो होतो. भाडेकरार एकट्याचा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली, त्यात 'राहणाऱ्या व्यक्ती: एक' हे माझ्याच वळणदार अक्षरात.

एवढेच नव्हे. जानेवारी २०२४ च्या शेवटी राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी आम्हा शिक्षकांना दारोदार धाडले होते. घरात कोण कोण राहते, हे मी शेकडो उंबऱ्यांवर उभे राहून विचारले, आणि कुणी चाचरले की मास्तरी आवाजात म्हणत असे, "खरं ते सांगा, लपवायचं काही कारण नाही." त्याच आठवड्यात आमच्या दारात दुसरे गुरुजी आले, तेव्हा मी सांगितले, "वर एक भाडेकरू असतो."

गंमत पहा. दीड वर्ष मी एकेक खूण पुसत होतो. आता त्याच खुणा मला हव्या होत्या, आणि मी पुसण्याचे काम फार नीट केले होते.

मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी मिळाले. तिच्या बँकेच्या पासबुकावर ऑक्टोबर २०२२ पासून आमचा पत्ता होता. त्याहून भक्कम म्हणजे न्यायालयाच्या नोटिसा! ज्या खटल्याने तिला अडकवून ठेवले आहे, त्याच्याच नोटिसा तिच्या नावाने, आमच्या घरक्रमांकावर, टपालाच्या शिक्क्यासह आलेल्या. पहिले लग्न मोडले आहे हे दाखवायलाही त्याच उपयोगी. भाचीने त्या वर्षानुवर्षे एका जुन्या पिशवीत कोंबून ठेवल्या होत्या. आता तारीखवार लावून ठेवल्या.

पण इथेच पेच होता. आमचे वकील म्हणाले, "मास्तर, कॅनडाला काय पाठवायचं ते पाठवा. पण हे कागद गावात फिरवू नका." कारण उघड आहे. २०१८ च्या निकालापासून व्यभिचार हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. परंतु घटस्फोटाच्या दाव्यात तो अजून जिवंत आहे. भाचीने मागितलेला घटस्फोट अडवून धरणाऱ्याला हे कागद म्हणजे घबाडच. तिकडच्या साहेबाला पटवून द्यायचे की ही दोघे एकत्र राहत होती, आणि इकडच्या न्यायालयात त्याचा वासही जाऊ द्यायचा नाही. आणि दोन्हीकडे खोटे तर बोलायचे नाही. झेरॉक्सच्या दुकानात उभे राहायचीही चोरी झाली. गावातले आमचे नेहमीचे झेरॉक्सवाले भाचीच्या सासरच्यांच्या नात्यातले! मी आणि भाची सकाळच्या एस. टी. ने शिरूरला जाऊन प्रती काढून आणीत असू. येताना ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची.

अशाच एका फेरीत, सुप्याच्या पुढे, उसाच्या ट्रॅक्टरमागे आमची एस. टी. रखडली. मला आमच्या जिल्ह्याचा एक शब्द आठवला. पाथर्डी-शेवगावकडून दर हंगामाला ऊसतोडीला जी माणसे निघतात, त्यांची मोजदाद माणशी होत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एक तोडतो, दुसरी मोळी बांधते, आणि मोळी वाहनावर चढते. तिथे लग्नाचा दाखला कुणी पाहत नाही. दोन माणसांचे एक काम दिसले की पुरे. यात कौतुक करण्यासारखे फारसे नाही, कोयता पुरा करायचा म्हणून कोवळ्या पोरींची लग्ने लावून देतात हेही मला ठाऊक आहे. तरी त्या वेळी मनात आले, की जोडी कशाने ओळखावी हे मुकादमाला माझ्यापेक्षा बरे कळते.

उलटा मासलाही नगरचाच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतर काही वर्षे ते व लक्ष्मीबाई वेगळे राहिले. लग्न होते, सहवास नव्हता. 'स्मृतिचित्रे' वाचताना पूर्वी मी त्यातल्या विनोदावर लुब्ध होतो. यंदा पुन्हा वाचले तेव्हा ताटातुटीच्या पानांवरच थांबलो.

असो. कागद जमत गेले आणि मग लक्षात आले की एक महिना हरवला आहे. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचे करतात. मीही तसाच केला होता. पहिला १ सप्टेंबर २०२२ पासून ३१ जुलै २०२३ पर्यंत. दुसरा करायचा तो माझ्या आळसाने राहिला, आणि झाला तो १ सप्टेंबरपासून. मधला ऑगस्ट उघडा. कॅनडाला हवेत सलग बारा महिने; आमच्याकडे एकीकडे अकरा, दुसरीकडे सहा, आणि मध्ये भगदाड. त्या महिन्यात मुलाने भाडेही रोखीने दिलेले. पावती मी लिहिली नव्हती. घरातल्या माणसाला कसली पावती, असे मी तेव्हा म्हटल्याचे भाचीला आठवते. घरातला माणूस, हे मी पावती वाचवण्यापुरते म्हटले असणार.

बायकोने कालनिर्णयची पाने काढली ती यासाठी. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने दुधाचे आकडे: खाली एक, वर अर्धा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, कुठे खंड नाही. मधेच तिच्या बारीक अक्षरात, '५ व ६, वरचे दोघे पुण्यास, दूध नको.' वरचे दोघे! मी शाळेत, पोलीस ठाण्यात, आयोगाच्या माणसापुढे 'एक' म्हणत होतो. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'दोघे' लिहिलेले होते.

पण खरा दाखला पुढेच होता. वाचकांना आठवत असेल, २०२३ साली श्रावण दोन होते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. ती तूट साचत जाऊन साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना भरते, तोच अधिक. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचे, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचे वाण दिव्यासह द्यायचे, जमले तर कपडे, चांदीचे काही. त्या वर्षी अधिक श्रावण १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत होता. माझ्या हरवलेल्या महिन्याचा अर्धा भाग त्यात बुडालेला.

१३ ऑगस्टच्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला. मी विचारले, "आज काय?"

"धोंडा आहे," बायको म्हणाली. "जावयाला जेवायला घालतेय."

"कोण जावई?"

तिने उत्तर दिले नाही. झाऱ्यावरचा अनारसा निथळत ठेवला. मी बरेच काही बोललो. कोर्टात दावा चालू असताना हे थेर कशाला, उद्या कुणी पाहिले तर, मास्तराच्या घरात वगैरे. ती एवढेच म्हणाली, "अहो, पोरीला आई नाही. तिच्या आईनं केलं असतं ते मी करतेय." मी चप्पल पायात सरकवली आणि बाहेर पडलो. किल्ल्याच्या खंदकाकडेने दुपारभर हिंडलो. संध्याकाळी परतलो तेव्हा माझे ताट झाकून ठेवलेले होते. दोन धोंडे, वर तुपाची वाटी. मी मुकाट्याने जेवलो. त्या विषयावर पुढे आमच्यात बोलणे झाले नाही.

त्या दिवशी माझ्या मुलाने फोनवर फोटो काढला होता, हे मला यंदाच कळले. तारीख, वेळ सगळे त्याच्या पोटात नोंदलेले. पाटावर दोघे शेजारी बसली आहेत. मुलाने टोपी घातली आहे, ती माझी आहे. भाचीच्या अंगावर तिच्या आईचे लुगडे. पुढे तांब्याच्या ताटात अनारसे, मध्ये दिवा, आणि बायको ओवाळते आहे. मागे खिडकीचा पडदा पूर्ण ओढलेला दिसतो. तो जाण्यापूर्वी मी ओढला होता.

फोटोखाली माहिती लिहायची होती: कोण, कुठे, केव्हा, कशाप्रसंगी. मराठी कागदांचे भाषांतर घरच्यांनी केलेले चालत नाही, मामाचेही नाही. तेव्हा ते पुण्याच्या एका अनुवादक बाईंकडे दिले. त्यांनी आधी यंत्राकडून कच्चा मसुदा करून घेतला, आणि त्यात आमच्या घरी जावयाला पुरण भरलेले दगड वाढल्याची नोंद झाली. बाई स्वतः खो खो हसत फोनवर बोलत होत्या. मग त्यांनी तळाशी चार ओळींत ही चाल काय, ती फक्त लेकीच्या नवऱ्यासाठीच कशी असते, हे समजावून लिहिले. तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या घरात काय घडले ते मला परक्या भाषेत नीट कळले.

नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रेही जोडायची होती. दूधवाल्याने दोन मिनिटांत सही केली. समोरच्या आजी म्हणाल्या, "मी तर कधीचीच वाट बघत होते कुणी विचारायची." राहिलो मी.

मी कादंबऱ्यांची चार-चारशे पाने लिहितो; ते एक पान लिहायला मला नऊ दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'सामाजिक परिस्थितीमुळे भाडेकरारात भाचीचे नाव घालता आले नाही.' भाचीने ते वाचले, काही बोलली नाही, कागद परत दिला. मी ती ओळ खोडली. खाली लिहिले: भाडेकरारात तिचे नाव मी घातले नाही. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. ती दोघे एकत्र राहतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पोलीस ठाण्यातल्या अर्जात मी एकच व्यक्ती लिहिली, ते खरे नव्हते. फोटोत मी नाही, कारण त्या दिवशी मी घरातून निघून गेलो होतो. पडदा मी ओढला. रात्री तिने चपला खाली ठेवाव्यात असे मी सांगितले होते, आणि ती दीड वर्ष ठेवीत होती.

कॅनडातल्या कुणा साहेबाला चपलांशी काय कर्तव्य, असे वकील म्हणाले. भाची म्हणाली, "असू द्या ती ओळ."

शिरूरच्या नोटरीपुढे सही करताना एक रकाना आला: अर्जदाराशी नाते. तिथे मामा लिहिले. त्याखाली दुसरा रकाना: जामीन राहणाऱ्याशी नाते. मी पेन धरून बसलो. बायको शेजारी उभी होती. ती नोटरीलाच म्हणाली, "मामेसासरे असं लिहायचं असतं हो, साहेब. हे मास्तर आहेत, पण यांना आठवत नाहीये."

मी लिहिले.

आषाढात सगळे कागद संगणकावरून गेले, पोच आली. उत्तराला वर्षभरही लागेल म्हणतात. न्यायालयातली तारीख वेगळी, ती पुन्हा पुढे गेली आहे. भाची वरच राहते. चपला आता वरच्या दारात असतात. सकाळी शाळेला निघताना मान वर केली की जिन्यातून दिसतात.

पुढच्या वर्षी १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. नवे कालनिर्णय हाती यायला अवकाश आहे, म्हणून बायकोने भिंतीवरच्या चालू कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानावर, अगदी तळाशी, पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'मे २०२६, धोंडा, ३३.' त्यापुढे 'वर दूध' असे लिहून आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे.